संगजिरे, प्लास्टिकचा दाणा आणि मोटारीचा डॅशबोर्ड : खनिजाचं मोल खानदेशात कुठे वाढू शकतं

प्रश्न धुळे जिल्ह्यातल्या एका तरुण मेकॅनिकल इंजिनिअरचा आहे. घरची दगडखाण आणि खडी क्रशर आहे. तो विचारतो : आपल्याकडून दगड, मुरूम, वाळू कच्चीच जाते. विदर्भातलं लोखंड आणि मँगनीज भुसावळवरून आपल्या डोळ्यांदेखत पुढे जातं. गाड्यांचे सुटे भाग बनवून या खनिजांचं मोल इथंच वाढवता येईल का? धुळ्याला मोटारींचा मोठा कारखाना आला तर प्रश्न सुटेल का? खाणीत सापडणाऱ्या पांढऱ्या-हिरवट स्फटिकांचा गाडीत काही उपयोग आहे का? आणि हाताशी पन्नास लाख असतील तर सुरुवात कुठून करावी?

भाऊ, मी अकरा वर्षं संभाजीनगरजवळ वाळूजला एका वाहन कंपनीसाठी पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता तपासत होतो. ओतकाम, फोर्जिंग, रबर, प्लास्टिक असे शेकडो कारखाने आतून पाहिले. गेली सतरा वर्षं जळगाव एमआयडीसीत माझा स्वतःचा छोटा कंपाउंडिंगचा कारखाना आहे, म्हणजे प्लास्टिकच्या दाण्यात खनिजाची पूड मिसळून नवा दाणा करायचा. तुमच्या प्रश्नावर मी रोज जगतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी खनिज बाजूला ठेवा आणि कपाशीकडे बघा. आपण कपाशी विकतो आणि कापड विकत आणतो, हे लहानपणापासून ऐकत आलो. पण जिनिंगवर गाडी गेल्यावर काय होतं ते आठवा. ओल किती आहे ते जिनिंगवाला मोजतो, धाग्याची लांबी तो बघतो, आणि भाव तो सांगतो. दुधाचंही तेच. डेअरीत फॅट लागते त्यावर पैसे ठरतात आणि यंत्र डेअरीचं असतं. ज्याच्या हातात मोजमाप, त्याच्या हातात भाव. खनिजाच्या बाबतीत मी इतक्या वर्षांत दुसरं काही पाहिलेलं नाही. डंपरमधून ब्रासवर मोजून वाळू विकणाऱ्याला घनफळाचे पैसे मिळतात. त्याच खनिजाचा एखादा गुण, कडकपणा म्हणा किंवा उष्णता सोसणं म्हणा, आकड्यात लिहून जो हमी देतो त्याला त्या गुणाचे पैसे मिळतात. मधला सगळा फरक या हमीचा आहे.

आता आपल्याकडे जमिनीत काय आहे ते सरळ बोलू. खानदेश बसाल्टवर वसलेला आहे. तापी-पूर्णेच्या काठची गाळाची जमीन सोडली तर खाली काळा पाषाण, आणि धुळे-नंदुरबारकडे त्याला उभ्या छेदून गेलेल्या डाइकच्या भिंती. या दगडात लोहाचे ऑक्साइड साधारण १२ ते १४ टक्के असतात, पण ते सिलिकेटांत अडकलेले. भट्टीत जाणाऱ्या चांगल्या हेमॅटाइटमध्ये, म्हणजे लोहखनिजात, लोखंडच साठ टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे तुमच्या खाणीतून लोखंड निघणार नाही, हा विषय इथेच मिटला.

गिरणेची वाळू ओतकामाच्या साच्याला चालेल का, हेही मला बरेच जण विचारतात. चालत नाही. साच्याच्या वाळूत सिलिका ९५ टक्क्यांच्या वर लागते, कारण वितळलेलं लोखंड १,४०० अंशांच्या आसपास तिच्यावर ओतायचं असतं. गिरणा सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून येते, तिच्या वाळूत त्याच दगडाचे कण असतात. ते त्या तापमानाला मऊ होऊन ओतीव भागाला चिकटून बसतात. कोल्हापूरच्या फाउंड्रींना सिंधुदुर्गातली सिलिका वाळू जवळ पडते, आपल्याला ती कोकणातून किंवा गुजरातेतून आणावी लागेल.

स्फटिकांबद्दल तुम्ही विचारलंत ते मला फार आवडलं, कारण या प्रश्नात खरंच एक दुवा आहे. ते झिओलाइट आणि त्यांचे सोबती, स्टिल्बाइट, अपोफिलाइट वगैरे. जळगाव आणि सावद्याकडच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्राहकांकडे जातात. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-सहा नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला युरियाचं द्रावण आणि एक उत्प्रेरक वापरतात. त्या उत्प्रेरकात बहुतेक वेळा तांबं घातलेला झिओलाइट असतो आणि त्याची अंतर्रचना चॅबेझाइटची असते. चॅबेझाइट आपल्या दख्खनच्या दगडातही सापडतो. पण गाडीत जातो तो प्रयोगशाळेच्या कृतीने कारखान्यात बनवलेला झिओलाइट, कारण सिलिका-ॲल्युमिनाचं प्रमाण आणि शुद्धता प्रत्येक पोत्यात तीच लागते. निसर्ग तशी हमी देत नाही. तेव्हा ते स्फटिक फोडू नका, क्रशरमध्येही घालू नका. अखंड नमुन्याला संग्राहक जो भाव देतो तो खडीला कधी मिळणार नाही.

राहिलं विदर्भाचं लोखंड. गडचिरोलीत सुरजागडचं हेमॅटाइट आहे, नागपूर-भंडाऱ्यात मॉइल या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत, चंद्रपूरला सेल या सरकारी पोलाद कंपनीचा फेरो अलॉयचा, म्हणजे पोलादात घालायच्या मिश्रधातूंचा, कारखाना आहे. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाने एका मोटारीत सरासरी ९०० किलो पोलाद जातं, म्हणून मागणी आहे यात शंका नाही. भावाची शिडी ढोबळमानाने अशी आहे : लोहखनिज किलोला पाच-सहा रुपये, पिग आयर्न, म्हणजे भट्टीतून निघालेलं कच्चं लोखंड, पस्तीस-चाळीस, कच्चं ओतकाम ऐंशी ते शंभर, आणि मशीनिंग करून, मापं तपासून, गंजरोधक तेल लावून बसवायला तयार केलेला भाग त्याच्याही बराच पुढे. सगळ्यात जास्त पैसे वरच्या दोन पायऱ्यांवर दिसतात, म्हणून लोकांना वाटतं धुळ्याला फाउंड्री टाकावी. मी सल्ला देणार नाही. एक टन लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवायला ५५० ते ६५० युनिट वीज लागते. वाळू बाहेरची, ती बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती कच्छची, आणि मुख्य म्हणजे साच्याचा नमुना (पॅटर्न) बनवणारा, भागातली पोकळी ठेवणारा गाभा (कोअर) बसवणारा आणि ओतलेल्या भागाचा रंग बघून दोष ओळखणारा माणूस आपल्याकडे नाही. कोल्हापूरला ती माणसं पिढ्यांनी घडवली आहेत. मशीनिंग मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे. ओतलेला भाग बाहेरून आणा, सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, फिरवा, मोजा, पाठवा. धुळ्यात-जळगावात ते काम करणारे आहेत आणि वाढतील. पण त्यात खनिजाचं मोल वाढवण्यापेक्षा मजुरीचं मोल वाढवणं जास्त आहे. तुमचा प्रश्न खनिजाचा आहे, म्हणून पुढे जातो.

मोठा कारखाना आला तर? या स्वप्नावर आपण फार वर्षं घालवली. देशाचाच इतिहास बघा. केंद्र सरकारने १९५० च्या दशकात मालवाहतूक भाडे समानीकरण आणलं, म्हणजे लांब नेण्याच्या भाड्याचा फरक भरून काढला. पोलाद देशभर जवळजवळ एकाच भावाने मिळू लागलं. खाणी बिहार-ओडिशाच्या, पण गाड्यांचे कारखाने पुणे-मुंबईला वाढले, कारण तिथे बंदर होतं, कारागीर होते, बँका होत्या. ते धोरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गेलं, तोवर पिंपरी-चिंचवडच्या गल्लीबोळात हजारो वर्कशॉप रुजली होती. खनिज ज्याच्या जमिनीत, कारखाना त्याच्या दारात, असं कधीच नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण याहून बोलकं आहे. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे सत्तर टक्के त्या देशातून येतं, आणि गाडीच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम लागतं. तरीही कन्व्हर्टरचे कारखाने तिथे आपोआप आले नाहीत. १९९५ मध्ये त्यांच्या सरकारने वाहन उद्योगासाठी कार्यक्रम आणला, त्यात सुटे भाग निर्यात करणाऱ्याला स्थानिक मूल्याच्या प्रमाणात आयातशुल्कात सूट मिळायची. प्लॅटिनम महाग, त्यामुळे सूटही मोठी. मग कन्व्हर्टर ही त्यांच्या सुट्या भागांच्या निर्यातीतली सगळ्यात मोठी वस्तू झाली. खनिज हाताशी होतंच, पण गुंतवणूक हलवली ती सवलतीच्या हिशेबाने. आणि जो उद्योग सवलतीच्या हिशेबावर उभा राहतो त्याला पुढचं धोरण काय येतंय याची धास्ती कायम असते, २०१३ मध्ये तिथे कार्यक्रम बदलला तेव्हाही ती होतीच. धुळ्याला कोणी जुळणीचा कारखाना आणला तरी त्याचे पत्रे, इंजिन, इलेक्ट्रॉनिक्स ठरलेल्या पुरवठादारांकडूनच येतील. कुंपणाबाहेरच्या आपल्या माणसाला कँटीन, सिक्युरिटी आणि बसचं कंत्राट मिळेल. मला ते नको आहे असं नाही, पण तेवढ्यावर मला समाधान नाही.

आणि गंमत बघा, कारखाने आपल्या आजूबाजूला आहेतच. धुळ्याहून नाशिक दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, तिथे महिंद्रा. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून संभाजीनगर तेवढ्याच अंतरावर, तिथे १९८५ पासून बजाजचा वाळूजचा कारखाना, शेंद्र्याला स्कोडा, आणि २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने संभाजीनगर परिसरातल्याच नव्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. आग्रा रोडने वर गेलं की इंदूरजवळ पिथमपूर, तिथे आयशर आणि फोर्स. तिन्ही दिशांचा माल धुळ्याच्या चौफुलीवरून जातो. गिऱ्हाईक दारात आणायची गरज नाही, ते रात्रीच्या ट्रकच्या टप्प्यात आहे.

मग त्यांना द्यायचं काय? इथे मी माझ्या धंद्यावर येतो, आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

खानदेशाचं खरं कौशल्य लोखंडात नाही, प्लास्टिकमध्ये आहे. बांभोरीला जैन आणि गाडेगावला सुप्रीम हे प्लास्टिकचे मोठे कारखाने, आणि जळगाव एमआयडीसीत पाइप, ठिबकच्या नळ्या आणि चटया करणारे शेकडो लहान कारखाने. इथल्या घराघरात एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यातून दाबून काढणारं यंत्र, चालवणारा माणूस आहे. डायचं तापमान कानाला मोटरचा आवाज लावून सांगणारे ऑपरेटर मी इथे पाहिले आहेत. दाणा आपल्याला सुरतजवळच्या हजिऱ्याहून नवापूर-साक्री-धुळे रस्त्याने येतो. आणि या प्लास्टिकमध्ये आपण वर्षानुवर्षं खनिज घालत आलो आहोत : पाइपात चुनखडीची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे खनिजाचं मोल वाढवण्याचा उद्योग जळगावात आधीपासून आहे. फक्त आपण त्याला ‘भराव’ म्हणतो, आणि या एका शब्दामुळे आपलं मोठं नुकसान झालं आहे.

गाडीचा डॅशबोर्ड, दारामागचं आवरण, हीटरची पेटी, एअर फिल्टरचं घर, पंख्याभोवतीचं कडं, यातले पुष्कळ भाग पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे असतात, आणि त्यात बहुतेक वेळा संगजिऱ्याची पूड असते. तीच टाल्क, पावडरच्या डब्यातली. खनिजांमध्ये सगळ्यात मऊ. देशातलं बहुतेक संगजिरं राजस्थानचं, उदयपूर, डुंगरपूर, भिलवाडा, दौसा या पट्ट्यातलं. इंदूरमार्गे ट्रक धुळ्याला सहज उतरतो. खाणीतून निघालेल्या ढेकळाला किलोला थोडेच रुपये मिळतात. दहा मायक्रॉनपर्यंत बारीक केल्यावर तो भाव दोन-तीनपट होतो. पीपीत नीट मिसळून, तपासून, कागदावर हमी देऊन विकलं की ते शंभर रुपयांच्या पुढच्या दाण्याचा भाग होतं.

आपले बरेच उद्योजक इथे पहिली चूक करतात. त्यांना वाटतं, पीपी शंभर रुपये किलो आणि पूड पंधरा रुपये किलो, तर २० टक्के पूड घातली की २० टक्के दाणा वाचला. हिशेब करून बघा. पीपीची घनता ०.९०, म्हणून १०० घनसेंटिमीटरच्या भागाला ९० ग्रॅम पीपी लागतं. २० टक्के संगजिरं घातलेल्या दाण्याची घनता १.०५ च्या आसपास होते, म्हणून तोच भाग १०५ ग्रॅमचा होतो. त्यात ८४ ग्रॅम पीपी आणि २१ ग्रॅम पूड. वाचलं किती? ९० मधून ८४ गेले, सहा ग्रॅम. २० टक्के नव्हे, सातही टक्के नाहीत. वर मिसळण्याची वीज, मजुरी, ॲडिटिव्ह. गाडीवाला भाग नगावर घेतो, किलोवर नाही. तेव्हा स्वस्ताईसाठी हे करायला गेलात तर पहिल्या वर्षातच बुडाल.

गाडीवाला संगजिरं मागतो ते त्याच्या गुणांसाठी. या खनिजाचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात, केळीच्या खोडाचे थर सुटे करावेत तसे. ते दाण्यात एका दिशेने पसरले की प्लास्टिक वाकायला दीडपट ते दुप्पट विरोध करतं. साध्या पीपीचं थंड होताना दीड ते दोन टक्के आकुंचन होतं, ते एका टक्क्याच्या जवळ येतं, म्हणजे भाग मापात राहतो. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड लवत नाही. एप्रिलमध्ये भुसावळला गाडी उभी करून बघा, मग कळेल हा गुण किती मोलाचा आहे. चुनखडीचे कण गोल-खडबडीत, त्यांना हे एवढं जमत नाही. उलट संगजिऱ्यामुळे प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून बंपरच्या दाण्यात रबरासारखं इलास्टोमर घालून ते सांभाळावं लागतं. आणि पुडीत लोहाचा अंश जास्त असेल तर पीपी उष्णतेने लवकर खराब होतं, त्यासाठी वेगळं रसायन लागतं. प्रत्येक खाणीची पूड वेगळी वागते. ते वागणं ओळखून जो पोतं दर पोतं सारखा दाणा देतो त्याला गाडीवाला सोडत नाही.

माझा एक अनुभव सांगतो, तो मला फार महाग पडला. कारखाना सुरू होऊन तिसरं वर्ष. हीटरच्या पेटीसाठी २० टक्के संगजिऱ्याचा दाणा देत होतो. एका नव्या पुरवठादाराकडून पूड स्वस्त मिळाली. आमच्याकडे तेव्हा एकच चाचणी होती : दाणा भट्टीत सहाशे अंशांना जाळायचा, प्लास्टिक जळून जातं, उरलेली राख तोलायची. राख बरोबर २० टक्के. माल पाठवला. फीडरवर काम करणारा पारोळ्याकडचा आमचा माणूस त्या दिवशी म्हणाला होता, “भाऊ, हाई पावडर हातले गुळगुळीत लागत नही.” मी राखेचा आकडा दाखवून त्याला गप्प केलं. पंधरा दिवसांत फोन आला. पेट्या वाकड्या येत होत्या, झाकण बसत नव्हतं. चार टन माल परत, वर डेबिट नोट, आणि सहा महिने नवी ऑर्डर बंद. पुडीत चुनखडीचं कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं होतं. ते सहाशे अंशांना जवळजवळ तसंच राहतं, म्हणून राखेचं वजन जुळलं, पण पापुद्रे नव्हते म्हणून कडकपणा गेला. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकला असता तर पूड फसफसली असती आणि ते चार टन वाचले असते. मी त्या माणसाची माफी मागितली. तो आजही आमच्याकडे आहे, आणि आलेल्या प्रत्येक ट्रकमधल्या पाच पोत्यांना आधी त्याचा हात लागतो, मग ॲसिडची बाटली.

आज आमच्याकडे पूड आली की थेंब, ओल, कणांचा आकार आणि शुभ्रता बघतो. दाणा झाला की राख, घनता, २३० अंशांना वितळून वाहण्याचा वेग, मग पट्ट्या मोल्ड करून वाकवण्याची आणि आघाताची चाचणी. प्रत्येक लॉटचा नमुना तीन वर्षं जपून ठेवतो. यातली मोठी यंत्रं आमच्याकडे नव्हती तेव्हा संभाजीनगरच्या सिपेटमध्ये, या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेत, नमुने पाठवायचो, अजूनही वाद झाला की तिथला अहवाल लागतो. वाहन उद्योगाला आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं आणि नवा दाणा मंजूर व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. हा काळ बिनउत्पन्नाचा असतो. याची तरतूद न केल्यामुळे बंद पडलेले माझ्या ओळखीचे तीन जण आहेत, कामात तिघेही माझ्यापेक्षा हुशार.

यंत्राबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. जळगावात जुनी पाइपची लाइन स्वस्तात मिळते, त्यावर हे होईल असं समजू नका. पीव्हीसी पाइपच्या मशीनचे दोन स्क्रू एकमेकांच्या उलट फिरतात, कंपाउंडिंगच्या मशीनचे एकाच दिशेने फिरतात आणि त्यात पूड बाजूने आत घालायची सोय असते. संगजिऱ्याची पूड कापसासारखी फुगलेली असते, तिच्यातली हवा बाहेर काढावी लागते, नाहीतर दाण्यात फुगे आणि पुडीच्या गुठळ्या राहतात. दाबून घट्ट केलेली पूडही मिळते, ती थोडी महाग पण नवशिक्याला सोपी. पाण्याचा प्रश्न मात्र फारसा येत नाही, थंड करायचं पाणी फिरवून वापरता येतं. आपल्या भागासाठी ही मोठी गोष्ट आहे. विजेचा झटका जास्त सतावतो. मशीन अचानक थांबलं की आतलं पीपी करपतं आणि सुरू करताना काळे ठिपके येतात. तो तासाभराचा माल वेगळा काढायचा, चांगल्यात मिसळायचा मोह टाळायचा.

दुसरी वाट भंगाराची आहे आणि तिच्यात आपण खरंच पुढे जाऊ शकतो. चटईच्या धंद्याने जळगावला जुनं प्लास्टिक निवडायला, धुवायला, पुन्हा दाणा करायला शिकवलं. आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत. गाड्या रीतसर मोडणारी केंद्रं वाढतील तसे जुने बंपर आणि बॅटरीची खोकी एकगठ्ठा मिळू लागतील. बंपरमध्ये खनिज बहुधा आधीपासून असतं. हे प्लास्टिक ओळखून, घनतेने वेगळं करून न दिसणाऱ्या भागांत पुन्हा वापरता येतं. हे काम मी स्वतः अजून छोट्या प्रमाणावरच केलं आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

आता तुमचे पन्नास लाख. त्यात नवी कंपाउंडिंग लाइन, वीजजोडणी, प्रयोगशाळा आणि दीड वर्षाचं खेळतं भांडवल बसणार नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत उत्पादन प्रकल्पाची मर्यादाही पन्नास लाखांचीच आहे, तेव्हा अनुदानाच्या भरवशावर आकडा फुगवू नका. मी तुमच्या जागी असतो तर मशीन घेतलंच नसतं. एक छोटी प्रयोगशाळा उभी केली असती : राखेची भट्टी, वाहण्याचा वेग मोजणारं यंत्र, घनतेचा तराजू, चाळण्या, आघाताचं यंत्र, आणि पट्ट्या मोल्ड करायला एक लहान इंजेक्शन मशीन. दाणा जळगावातल्या एखाद्या कंपाउंडिंगवाल्याकडून जॉबवर्कने करून घ्यायचा, पूड आणि पाककृती आपली, तपासणी आपली, कागद आपल्या सहीचा. सुरुवात गाडीपासूनही करू नका. ट्रॅक्टरचे फेंडर, फवारणी पंपाची टाकी, ठिबकच्या फिल्टरचं घर, ई-रिक्षाचे आतले भाग, यांचे मालक आपल्याच जिल्ह्यांत आहेत, मंजुरी लवकर देतात आणि चूक झाली तर समोर बसून बोलतात. दोन वर्षं तिथे सारखा माल दिलात की गाडीचे प्लास्टिकचे भाग करणाऱ्या नाशिकच्या मोल्डरकडे दाखवायला तुमच्याकडे दोन वर्षांचे आकडे असतील. माझी पहिली मोठी ऑर्डर अशाच एका वहीवर मिळाली, ब्रोशरवर नाही.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम तुमच्या खाणीवरच आहे, त्याला पन्नास हजारही लागणार नाहीत. चाळण्यांचा संच आणि एक चांगला तराजू घ्या. तुमच्या क्रशरवरून निघणाऱ्या खडीची आणि क्रश सँडची रोज सकाळी चाळणी घ्या : कुठल्या आकाराचा किती टक्के, चपट्या दगडांचं प्रमाण किती, पुडीत धूळ किती. तारीख, वेळ, खाणीच्या कुठल्या टप्प्यावरचा (बेंचचा) दगड, क्रशरचा जबडा कधी बदलला, सगळं लिहा. तीन महिन्यांत तुम्हाला दिसेल की दुपारनंतर किंवा पावसानंतर आकडे हलतात, आणि का हलतात तेही कळू लागेल. मग धुळ्यातल्या एखाद्या रेडीमिक्स प्लांटच्या इंजिनिअरसमोर ती वही ठेवा आणि ठरावीक मर्यादेतली वाळू लेखी देतो म्हणून सांगा. तो ब्रासमागे किती जास्त द्यायला तयार होतो ते मला कळवा. वही घेऊन जळगावला आलात तर आमची प्रयोगशाळा दाखवतो, राजस्थानच्या चार वेगवेगळ्या खाणींच्या पुड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत, आधी नुसत्या बोटांनी ओळखायचा प्रयत्न करा.